पोढीतलं पाणी

"एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस." बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी बस थांबेपर्यंत बाईंनी तिसऱ्यांदा डोकी मोजली. एक्केचाळिसावं डोकं सीटखाली होतं, गडगडत गेलेला चेंडू शोधत.

शाळेची सहल म्हणजे आधी मोजणी. डोकी मोजायची, डबे मोजायचे, पालकांची संमतिपत्रं मोजायची. मीही अशा सहलींना गेलेली आहे. सहावीत असताना एका दिवसात आम्हाला एक किल्ला, दोन देवळं, एक धरण आणि एक बाग दाखवली होती. किल्ल्यावर सरांनी भिंतीकडे बोट करून "ही तटबंदी" असं सांगितलं आणि आम्ही वहीत 'ही तटबंदी' असं लिहून घेतलं. आज त्या सहलीतलं मला नीट आठवतं ते एवढंच : पुरीभाजी, घाटात ओकलेली मैत्रीण आणि परतताना रंगलेल्या भेंड्या. किल्ला कुणी बांधला, कशासाठी बांधला, यातलं काही उरलं नाही. आम्हाला सगळं दाखवलं होतं. आम्ही काही पाहिलं नव्हतं.

म्हणून पालिकेच्या शाळेतल्या एका ओळखीच्या बाई म्हणाल्या, "आम्ही सहावीला कान्हेरीला नेतोय, पण फक्त पाणी बघायला," तेव्हा मी त्यांच्या बसमध्ये जागा मागून घेतली. त्यांचं आणि शाळेचं नाव लिहू नये, ही त्यांची अट. ती पाळते आहे.

प्रश्न घरून आणायचा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढं जंगल, त्यात बिबटे आणि त्या जंगलाच्या मध्यावर काळ्या बसाल्टमध्ये कोरलेली शंभराहून अधिक लेणी. डोंगराचं जुनं नाव कृष्णगिरी. शिलालेखांतल्या प्राकृतात तो 'कण्हसेल' होतो आणि पुढे आपल्या तोंडी कान्हेरी. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरायला सुरुवात झाली आणि इथली वस्ती जवळपास हजार वर्षं नांदती राहिली. मुंबईतल्या बहुतेकांना मात्र हे ठिकाण पावसाळ्यात भिजायला जायचं म्हणूनच ठाऊक असतं.

बाईंनी आठवडाभर आधी मुलांना एकच गृहपाठ दिला होता : घरातलं पाणी कुठून येतं ते विचारून या. उत्तरं त्यांनी एका कागदावर उतरवून ठेवली होती. 'नळातून.' 'गच्चीवरच्या टाकीतून.' 'टँकरमधून, पण तो उशिरा येतो.' 'पहाटे साडेचारला येतं, आई उठते.' एकाने गावच्या आजीला फोन लावला होता, त्याचं उत्तर सर्वांत लांब : आधी विहीर, मग हापसा, मग नळ आणि आता पुन्हा विहीर.

बसमध्ये बाईंनी दुसरा प्रश्न टाकला. "कान्हेरीला शेकडो भिक्खू राहायचे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर डोंगरावर पाणी नाही. मग ते प्यायचे काय?"

"बिस्लेरी," मागून आवाज आला. हशा पिकला. पण प्रश्न बसमध्येच राहिला नाही, तो मुलांबरोबर खाली उतरला. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. तेवढ्या वाटेत तीनदा मला मुलांनी विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहितीये का?" मी नाही म्हणाले. एवढं खोटं चालतं.

पानांनी बुजलेला चर

लेण्यांपाशी पोचल्यावर पहिला मान माकडांचा. एका मुलाच्या हातातला वेफर्सचा पुडा गेला आणि पाच मिनिटं इतिहास थांबला. मग बाईंनी आठ गट केले. प्रत्येक गटाला एक लेणं आणि त्या लेण्याचं एक पाण्याचं टाकं नेमून दिलं. माहिती सांगायला वाटाड्या नाही, कर्णा नाही. प्रत्येक गटाच्या हातात एक कागद आणि त्यावर तीन प्रश्न. टाकं कुठे आहे? त्याचं तोंड केवढं आहे? त्यात पाणी कुठून येत असेल? टाक्याच्या कडेशी जायचं नाही, हा नियम बाईंबरोबर आलेल्या सरांनी दोनदा बजावला आणि ते स्वतः तिथे उभे राहिले.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पटकन आली. तिसऱ्यापाशी गाडी अडली. "पाऊस पडतो आणि भरतं," असं एका गटाने ठरवून टाकलं. बाई म्हणाल्या, "टाक्याचं तोंड तर घमेल्याएवढं आहे. त्यातून पडेल तेवढ्याच पावसाने आतली एवढी मोठी खोली भरेल?"

मग मुलं खडकावर वाकली. लेण्याच्या कपाळावर, पायऱ्यांच्या कडेला, ओसरीसमोरच्या उतारावर बोटभर रुंदीचे चर कोरलेले दिसायला लागले. आधी कुणाला ते दिसलेच नव्हते, आता जिकडेतिकडे दिसू लागले. बाईंनी एका मुलीला बाटलीतलं थोडं पाणी वरच्या चरात ओतायला सांगितलं. पाणी वीतभर गेलं आणि अडलं. तिथे पानं आणि माती साचली होती. दोघांनी काडीने ती उकरली. पुन्हा पाणी ओतलं. या वेळी ते वळणावरून सरकलं, दुसऱ्या चराला मिळालं आणि टाक्याच्या तोंडाशी येऊन आत टपकलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक मुलगा मात्र म्हणाला, "अजून चालतंय!"

त्या दोन शब्दांत त्याला जे कळलं ते पाठ्यपुस्तकातल्या दोन परिच्छेदांत मावलं नसतं. अख्खा डोंगर म्हणजे छप्पर, चर म्हणजे पन्हळ आणि टाकं म्हणजे टाकी. ज्याच्या इमारतीत पावसाचं पाणी साठवा म्हणून सोसायटीची नोटीस लागते त्याला हे समजायला भाषांतर लागत नाही.

दगडावरचं 'लेण'

या टाक्यांना त्या काळचे लोक काय म्हणत हे आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत 'पोढि' असा शब्द येतो, म्हणजे पाण्याचं टाकं. आणि लेण्याला शब्द आहे 'लेण'. आपण आजही लेणंच म्हणतो. 'देयधम' म्हणजे धर्मार्थ दिलेलं दान. बाईंनी ब्राह्मी अक्षरांचा तक्ता छापून आणला होता. 'क' कसा असतो? गणितातल्या अधिक चिन्हासारखा, या लेखांत पाय जरा लांबलेला. मग तासभर मुलं भिंतीपासून हात लांब ठेवून, मान वाकडी करून 'अधिक'ची चिन्हं शोधत राहिली.

हे लेख कुणाचे? इथेच कान्हेरी किल्ल्यांहून वेगळी पडते. आपल्याकडे इतिहासाची सहल म्हटलं की किल्ला. चौथीचं 'शिवछत्रपती' वाचून वाढलेल्या, दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या मुलांचं ते हक्काचं ठिकाण. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यांतले 11 महाराष्ट्रातले. तिथे सहली वाढतील, वाढायलाच हव्यात. पण किल्ल्यावर मूल एका महापुरुषाच्या शोधात जातं. कान्हेरीत शोधावा असा महापुरुष नाही. इथे आहेत कल्याणचे व्यापारी. वाट करून देणारा एक लोहार. चेमुल म्हणजे आपल्या चौलचा एक 'हेरणिक', सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा, ज्याने एक पोढी दिली. सोपारकाचे लोक, नाशिकचे लोक. कुणी लेणं दिलं, कुणी शेत दिलं आणि त्याच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या वस्त्रांची सोय लावली. नवव्या शतकातल्या एका लेखात तर ग्रंथांसाठीही पैसे ठेवलेले आहेत. बाई म्हणाल्या, "म्हणजे शाळेच्या लायब्ररीचा निधी." आपल्या लायब्ररीचं कपाट कुलूपबंद असतं, हे एकाने लगेच सुनावलं.

'सोपारक' हे नाव कळल्यावर एक मुलगा उडालाच. "बाई, माझी आत्या नालासोपाऱ्याला राहते!" हसू नका. प्राचीन बंदर सोपारक आणि लोकलच्या पाटीवरचं नालासोपारा ही एकच जागा आहे. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना तिथे स्तूप आणि अशोकाच्या आज्ञापत्राचा तुकडा सापडला. पण त्या मुलाच्या डोक्यातली रेघ अशोकाकडून आत्याकडे आली नाही, आत्याकडून अशोकाकडे गेली. लहान मुलाचा इतिहास बहुधा असाच, घराकडून बाहेर चालत जातो.

लढाईशेजारचं लग्न

पाचव्या क्रमांकाच्या लेण्याजवळच्या एका टाक्यावर संस्कृतात एक लेख आहे. बराच झिजलेला. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी. अमात्य सतेरक याने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचा हा लेख. आता पाठ्यपुस्तक काय सांगतं? सातवाहन आणि क्षत्रप एकमेकांचे वैरी. क्षत्रप राजा रुद्रदामनाने इसवी सन 150 च्या सुमाराच्या आपल्या जुनागढच्या लेखात नोंदवून ठेवलं आहे की त्याने सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही. आणि तो जुनागढचा लेख मुळात कशाबद्दल आहे? सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा बांधल्याबद्दल.

म्हणजे एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला टाकं. सासर-माहेरचं भांडण आपल्याला कळतं ते पाण्याच्या दोन कामांमुळे. बाईंनी हे सगळं मुलांना सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ज्याच्याशी लढाई त्याच्याच घरची मुलगी राणी. कसं काय?" एका मुलीने खांदे उडवले. "आमच्या गावाला पण असंच आहे. जमिनीवरून भांडण आणि लग्न त्यांच्यातच." इतिहासाच्या प्राध्यापकांनी यावर लांबलचक निबंध लिहिले आहेत. तिने विषय दोन वाक्यांत संपवला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांसाठी काम केलेल्या फ्रीमन टिल्डन यांचं 1957 चं एक पुस्तक वारसास्थळं लोकांना समजावून सांगणारे आजही मानतात. त्यांचं एक सूत्र असं की मुलांसाठीचा कार्यक्रम म्हणजे मोठ्यांच्या भाषणात पाणी घालून केलेलं पातळ ताक नव्हे. त्याची घडणच वेगळी हवी. पण हे समजायला आपल्याला एवढं लांब जायची गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखायला जाणारी वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे तत्त्व आपल्याच मातीतलं आहे. आपण ते बालवाडीपुरतं ठेवलं आणि सहावीच्या इतिहासापाशी येईतो विसरलो.

भिंतीवर नाव कोरलं तर?

दुपारी डबे सुटले. तेवढ्यात सरांनी एका मुलाला पकडलं. हातात दगडाचा टोकदार तुकडा, भिंतीवर नावाचं पहिलं अक्षर अर्धवट. सर रागावले, तो रडकुंडीला आला. बाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि कायदा सांगितला : संरक्षित स्मारकाला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही. मुलगा रडत रडत म्हणाला, "पण त्यांनी पण लिहिलंय ना!"

तो चुकीचं बोलत नव्हता. कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये पारशी पाहुण्यांचे गट इथे येऊन गेले आणि त्यांनी आपली नावं, तिथी भिंतीवर कोरून ठेवली. हजार वर्षांपूर्वीची सहलच ती. भारतातल्या पारशांच्या इतिहासासाठी त्या नोंदी मोलाच्या आहेत. मग त्यांचं लिहिणं म्हणजे पुरावा आणि याचं म्हणजे गुन्हा, असं का?

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मला वाटलं, त्या आता विषय बदलतील. त्या म्हणाल्या, "त्यांनी लिहिलं तेव्हा भिंतीवर जागा होती. आता तू लिहिशील ते कुणाच्या तरी अक्षरावर लिहिशील." मुलाने ते मान्य केलं की नाही, ठाऊक नाही. पण त्याने दगड खाली टाकला आणि बसमध्ये बसेपर्यंत तो 90 नंबरचं लेणं कुठे आहे, हेच विचारत राहिला.

बाथरूम कुठे आहे, बाई?

हे सगळं वाचून सोपं वाटेल. सोपं नाही. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत 15 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, हे खरं. पण परवानगीचे कागद, संमतिपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, जंगलात कुणी वाट चुकलं तर, कुणी टाक्यात पडलं तर, ही सगळी जोखीम दोन शिक्षकांच्या डोक्यावर. सोमवारी उद्यान बंद, रविवारी गर्दी. सुट्टीच्या दिवशी शिक्षक येणार तर त्यांचं घर कोण बघणार? म्हणून बऱ्याच शाळा सहल म्हणजे वॉटरपार्क ठरवतात. तिथे जबाबदारी तिकीट घेणाऱ्याची असते.

आणखी एक गोष्ट. दिवसभर पाण्याबद्दल बोलत असताना मुली पाणी पीत नव्हत्या. बाटल्या भरलेल्याच. सकाळी त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न हाच होता : "बाथरूम कुठे आहे, बाई?" शौचालय लांब, रांग मोठी, म्हणून सहलीच्या दिवशी पाणीच प्यायचं नाही, हे या वयाच्या मुली कुणीही न शिकवता शिकलेल्या असतात. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरावर पाण्याची व्यवस्था करणारे लोक हुशार होते, हे शिकवायला नेताना आपली व्यवस्था काय शिकवते, तेही मुलं पाहत असतात.

ज्या शाळांना नेताच येत नाही त्यांच्यासाठी उलटा मार्ग आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये 'म्युझियम ऑन व्हील्स' नावाची बस सुरू केली. संग्रहालय शाळेच्या दारी जातं. 2019 मध्ये त्याच आवारात मुलांचं वेगळं संग्रहालयही उघडलं. हे काम चांगलं आहे. पण बसमधली प्रतिकृती हातात घेणं आणि चरात पाणी ओतून ते कुठे जातं पाहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत उत्तर आधीच कपाटात मांडलेलं असतं.

नकाशावरचे दोन तलाव

निघायच्या आधी बाईंनी पायऱ्यांवर नकाशा पसरला. कान्हेरीच्या आसपास, याच उद्यानाच्या हद्दीत दोन निळे ठिपके. विहार आणि तुळशी. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या विहिरी आटू लागल्या, 1854 च्या टंचाईने शहर हादरलं आणि मग मिठी नदीला बांध घालून विहार तलाव झाला. 1860 मध्ये तिथलं पाणी नळाने शहरात आलं. तुळशी तलाव 1879 चा. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत हे दोन सर्वांत लहान.

"म्हणजे आपण पण याच डोंगराचं पाणी पितो?" हे आजीला फोन लावणाऱ्या मुलाचं.

"थोडंसं," बाई म्हणाल्या. "उरलेलं लांबून येतं. कुठून, ते पुढच्या आठवड्यात."

पहाटे साडेचारला उठणाऱ्या आईचं पाणी, चेमुलच्या हेरणिकाची पोढी आणि विहारचा बांध एका कागदावर आले. बाईंनी सन-सनावळ्या फळ्यावर लिहून दिल्या नव्हत्या. पण त्या नकाशावर मुलांनी आपणहून आकडे मांडायला सुरुवात केली, कारण आता आधी काय आणि नंतर काय, हे त्यांना लागत होतं.

शेवटचा थांबा मोठं चैत्यगृह, तिसऱ्या क्रमांकाचं. 34 खांब, दोन्ही बाजूंना सात मीटरच्या आसपास उंचीच्या बुद्धमूर्ती. मुलांचे आवाज आपोआप खाली आले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित या दोन व्यापारी भावांनी हे करवलं. प्रवेशाजवळच्या लेखात त्यांची नावं आहेत आणि एक गोष्ट फार क्वचित आढळणारी : काम करणाऱ्यांचाही उल्लेख आहे. 'सेलवढकि', दगडाचे सुतार. 'मिठिक', दगड घासून गुळगुळीत करणारे.

मागच्या रांगेतली एक मुलगी, दिवसभरात जिचा आवाज मी ऐकला नव्हता, पुढे आली. "काय शब्द म्हणालात, बाई? शेवटचा."

"मिठिक. पॉलिश करणारे."

"माझे पप्पा फरशीला पॉलिश करतात. मशीनने." ती थांबली. "यांचं नाव कोणी लिहिलं?"

बाईंनी झिजलेल्या अक्षरांकडे बोट केलं. कुठून कुठवर तो शब्द आहे, हे त्यांनाही नेमकं दाखवता येईना. मुलीने पायाखालच्या दगडाकडे पाहिलं, चप्पल काढली आणि तळव्याने तो किती गुळगुळीत आहे, ते बघितलं. मग तिने कागद गुडघ्यावर ठेवून काहीतरी लिहिलं.

बसमध्ये पुन्हा मोजणी झाली. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. मी तिच्याकडे कागद मागितला. टाकं कुठे आहे, तोंड केवढं आहे, पाणी कुठून येतं, तिन्ही उत्तरं नीट होती. खाली, कुणीही न विचारलेल्या जागी तिने लिहिलं होतं : 'पप्पांना विचारायचं, हाताने घासलं तर किती दिवस लागतात.'